मोटर घुमते, पण सुटत नाही
ड्रिल मशीनची मोटर नुसती घुमते आणि चक हाताने ढकलला की सुटते, असं तुम्ही म्हणता. आधी ते ढकलणं बंद करा, बोटं हवी आहेत ना? सिंगल फेज मोटरमध्ये हे लक्षण बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला सुटायला जोर देणारा भाग) गेल्याचं. प्लग काढला तरी त्यात चार्ज राहू शकतो. दोन्ही टोकांना फिलामेंटचा जुना बल्ब काही सेकंद लावा (एलईडी नको), स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) जाताना जुना कपॅसिटर सोबत न्या. त्यावर छापलेले मायक्रोफॅरड (µF, म्हणजे क्षमता) तेवढेच हवेत. व्होल्ट जास्त चालतील, कमी नाही. तरीही घुमतच राहिली तर सेंट्रिफ्यूगल स्विचचे (मोटरने वेग घेतला की कपॅसिटर तोडणारा स्विच) पॉइंट बघा. माझ्या ग्राइंडरचे काळे पडले होते, पॉलिश पेपरने भागलं.