आत्या म्हणते, तिने स्वतःला छताजवळून पाहिले. हे पडताळता येते का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. प्रश्न घरचा आहे, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. माझी आत्या 67 वर्षांची आहे. यंदा आषाढात भाताची लावणी चालू असताना बांधावरच तिच्या छातीत कळ आली आणि तिला जीपमधून बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. तातडीच्या विभागात पोहोचल्यावर काही मिनिटांतच तिचे हृदय बंद पडले. डॉक्टरांनी छातीवर दाब देऊन आणि विजेचा धक्का देऊन ते पुन्हा सुरू केले. बाराव्या दिवशी ती घरी आली आणि आता हिंडती-फिरती आहे.

घरी आल्यापासून ती सांगते की त्या वेळी ती छताच्या पंख्याजवळ होती. खाली खाटेवर एक बाई पडली आहे, तिचे लुगडे कात्रीने कापले आहे, चार-पाच माणसे तिच्याभोवती धडपडत आहेत, हे सगळे तिला दिसत होते. आणि ती बाई आपणच आहोत हे कळूनही तिला भीती किंवा दुःख असे काही वाटत नव्हते. भिंतीलगतच्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर एक निळा डबा होता, तोही तिला दिसला. आतेभावाने जाऊन पाहिले, तर तिथे खरोखरच निळा डबा होता. खाटेवर पडलेल्या माणसाला तो दिसणे शक्य नाही, असे तो शपथेवर सांगतो. गोष्ट आता इतकी पसरली आहे की सोमवारी देवळात आलेली माणसे वाट वाकडी करून आत्याला पाहायला येतात.

आत्या खोटे बोलणारी नाही, हे मी लहानपणापासून जाणतो. तिचे बोलणे हसण्यावारी न्यावे असे मला वाटत नाही आणि हात जोडून गप्प बसावे असेही वाटत नाही. अशा अनुभवाची खातरजमा विज्ञान करू शकते का, आणि करत असेल तर कशी, एवढेच विचारायचे आहे.

निवृत्त मास्तर (निपाणी)

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी वेगळे करावेत असे मला वाटते. आत्याबाईंना तसा अनुभव आला का, हा पहिला. त्या वेळी त्यांच्यातले काहीतरी खरोखर शरीराबाहेर पडून छताजवळ गेले होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विज्ञानाने बरेचसे दिलेले आहे आणि ते होकारार्थी आहे. दुसऱ्यासाठी वेगळ्या प्रकारचा पुरावा लागतो.

जिनिव्हा येथे ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी अपस्माराच्या एका 43 वर्षांच्या रुग्ण स्त्रीची शस्त्रक्रियेपूर्व तपासणी करत होते. झटके मेंदूच्या कोणत्या भागातून उठतात हे शोधण्यासाठी मेंदूवर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून त्यांनी सौम्य विद्युतप्रवाह सोडला. कानाच्या वर, थोड्या मागच्या बाजूला असलेल्या उजव्या अँग्युलर गायरस या भागाला तो प्रवाह दिला की आधी तिला आपण गादीत रुतत आहोत किंवा उंचावरून पडत आहोत असे वाटे. प्रवाह थोडा वाढवल्यावर आपण वर तरंगत असून खाली खाटेवरचे आपलेच शरीर पाहत आहोत, असे ती सांगू लागली. त्यातही तिला स्वतःचे पाय आणि कमरेखालचा भाग एवढेच दिसत होते. हे निरीक्षण 2002 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेंदूच्या या परिसरात डोळ्यांकडून येणारी, कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून येणारी आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर एकत्र येते, आणि तिच्या मेळातून 'मी येथे आहे' ही जाणीव तयार होते. हा मेळ बिघडला की 'मी'चा पत्ता चुकतो.

हे केवळ आजारी मेंदूतच घडते असेही नाही. 2007 साली हेन्रिक एर्सन यांनी धडधाकट माणसांना खुर्चीत बसवून त्यांच्या डोळ्यांवर छोटे पडदे लावले आणि त्यांच्याच पाठीमागे ठेवलेल्या कॅमेऱ्यांचे दृश्य त्या पडद्यांवर दाखवले. म्हणजे माणसाला स्वतःची पाठ दिसते आहे. मग एका काठीने त्याच्या खऱ्या छातीला स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी दुसरी काठी कॅमेऱ्याच्या खाली, जिथे त्याची 'भासमान' छाती असायला हवी तिथे, तशीच हलवायची. थोड्याच वेळात आपण मागे बसून समोरच्या आपल्याच देहाकडे पाहत आहोत, असे त्यांना वाटू लागले. त्या रिकाम्या जागेच्या दिशेने हातोडा उगारल्यावर त्यांच्या त्वचेला सूक्ष्म घाम फुटल्याचे उपकरणाने नोंदवले. माझ्या मते खरी पडताळणी हीच, कारण तोंड काहीही सांगू शकते, पण घाम ठरवून आणता येत नाही.

तोलाच्या इंद्रियाचा संबंध आणखी एका अभ्यासात दिसतो. फ्रान्समधील मार्सेय येथे चक्कर येण्याच्या तक्रारीच्या 210 रुग्णांना विचारले असता 14 टक्के लोकांनी शरीराबाहेर गेल्याचा अनुभव सांगितला. तशी तक्रार नसलेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होते. म्हणजे शंभरात पाच माणसे तर आपल्या भोवतीही असतील. कोणी सांगत नाही इतकेच.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी एकच कसोटी उपयोगाची आहे: शरीराच्या डोळ्यांना व कानांना कोणत्याही मार्गाने मिळू न शकणारी माहिती त्या माणसाने सांगितली पाहिजे. 1968 साली अमेरिकेत चार्ल्स टार्ट यांनी एका तरुणीवरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला. ती प्रयोगशाळेत चार रात्री झोपली. तिच्या डोक्याच्या वर, उंच फळीवर पाच आकडी संख्या लिहिलेला कागद ठेवला होता. चौथ्या रात्री तिने 25132 ही संख्या बरोबर सांगितली. अंदाजाने पाच आकडे बरोबर येण्याची शक्यता लाखात एक. परंतु पहारा एकट्या टार्ट यांचाच होता, तेही मधूनमधून पेंगत होते, आणि फळीच्या वरच्या भिंतीवर घड्याळ होते. त्याच्या काचेत कागदाचे प्रतिबिंब पडू शकत होते. एका घड्याळाने लाखातला एक प्रयोग संशयात टाकला. आपल्या निळ्या डब्याबाबतही असे घड्याळ कुठे आहे का, ते आधी शोधावे.

रात्रपाळी (बेळगाव)

मी अतिदक्षता विभागात अनेक वर्षे परिचारिका आहे. आत्यांनी सांगितले तसे आमच्या कानावर वर्षातून एक-दोनदा तरी येते. रुग्ण बहुधा डॉक्टरांना सांगत नाहीत. पहाटे सलाईन बदलताना आम्हाला सांगतात.

आपण म्हणता तसा कपाटावरचा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. हृदय बंद पडून वाचलेल्यांचा अभ्यास करणारे डॉक्टर सॅम पार्निया यांनी अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रिया येथील 15 रुग्णालयांत खोल्यांमध्ये छताजवळ फळ्या बसवल्या आणि त्यांवर केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. चार वर्षांत हृदय बंद पडण्याच्या 2060 घटना नोंदवल्या गेल्या. त्यांतून वाचलेल्यांपैकी 140 जणांच्या मुलाखती होऊ शकल्या आणि त्यांतील 101 जणांची पुढची सविस्तर मुलाखत झाली. त्यांत केवळ दोघांनी त्या वेळचे पाहिले-ऐकल्याचे सांगितले आणि एकाचेच वर्णन पडताळता आले. दुर्दैव असे की त्या दोघांचेही हृदय फळी नसलेल्या जागी बंद पडले होते! मुळात बहुतेक घटना फळ्या नसलेल्या खोल्यांतच घडल्या. आमच्या विभागात काम केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. रुग्णाचे हृदय जागा बघून बंद पडत नाही.

त्याच गटाचा दुसरा अभ्यास 2023 साली आला. या वेळी फळ्यांऐवजी छाती दाबण्याचे काम सुरू होताच रुग्णाच्या डोक्याजवळ एक टॅब्लेट लावत, त्यावर चित्रे दिसत, आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून तीन फळांची नावे ऐकवत. 567 रुग्णांपैकी 53 वाचले आणि 28 जणांशी बोलता आले. चित्र एकालाही सांगता आले नाही. फळांची नावे मात्र एकाने सांगितली. काही रुग्णांच्या मेंदूच्या आलेखात, छाती दाबणे सुरू होऊन बराच वेळ लोटल्यावरही, जागेपणी दिसतात तशा लहरी मधूनच उमटल्या होत्या.

यातून मी माझ्यापुरते एवढेच घेतले की 'हृदय बंद' म्हणजे 'मेंदू बंद' असे लगेच धरू नये. छाती नीट दाबली तर मेंदूकडे थोडे रक्त जात राहते आणि कान डोळ्यांपेक्षा जास्त वेळ साथ देतात. म्हणून आम्ही नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगतो की बेशुद्ध माणसाच्या खाटेजवळ नको ते बोलू नका.

मला डब्यापेक्षा दुसरीच गोष्ट विचारावीशी वाटते. आत्यांनी त्या वेळी काही ऐकले का, आणि ऐकले असेल तर कोणत्या भाषेत? आमच्याकडे घाईच्या वेळी तोंडातून कन्नड आणि इंग्रजी येते. आपल्या आत्यांना कन्नड फारसे कळत नसेल असे गृहीत धरते. त्यांनी डॉक्टरांचे बोलणे स्वच्छ मराठीत सांगितले, तर ते मनाने नंतर भरले असण्याची शक्यता वाढते. न कळणाऱ्या भाषेतला आवाज जसाच्या तसा सांगितला, तर तो कानावरून आला असावा.

वडगावकर

मास्तरांच्या युक्तिवादात मला एक फट दिसते. मेंदूच्या एका ठिकाणी विजेने डिवचल्यावर तसा अनुभव येतो, म्हणून प्रत्येक वेळी तो भासच असतो, हे कसे? मेंदूचा दृष्टीचा भाग डिवचला तर माणसाला उजेडाचे ठिपके दिसतात. म्हणून सूर्य नाही असे आपण म्हणत नाही. आणि आपल्याकडे परकायाप्रवेशाचा विचार योगशास्त्रात पूर्वीपासून आहे, त्याकडे पाश्चात्त्य पद्धतीने पाहून काय हाती लागणार?

निवृत्त मास्तर (निपाणी)

आपला पहिला आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. विजेच्या प्रयोगावरून 'बाहेर काही जातच नाही' हे सिद्ध होत नाही. न जाताही हुबेहूब तसेच वाटू शकते, एवढेच सिद्ध होते. पण एवढ्यानेच 'मला तसे वाटले' हा पुरावा अपुरा पडतो आणि ओझे पुन्हा त्या फळीवरच्या चित्राकडे जाते. सूर्याचे म्हणाल तर तो दहा जणांना एकाच जागी दिसतो, ढगाआड गेला तरी ऊन-सावलीवरून सांगता येतो. वरचे चित्र अजून काटेकोर पहाऱ्यात कोणालाही वाचता आलेले नाही.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल सांगायचे तर आपल्याच राज्यात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेत सतवंत पसरिचा यांनी भारतीयांचे मृत्यूच्या दारातले अनुभव गोळा केले होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांच्यासह त्यांनी 1986 साली 16 प्रकरणे मांडली. त्यांत यमदूत माणसाला नेतात, तिथे वहीत दुसऱ्याच कोणाचे नाव निघते आणि चुकून आणलेल्याला परत पाठवतात, असे वर्णन वारंवार येते. वरून स्वतःचा देह पाहिल्याचे वर्णन मात्र अमेरिकेतील अनुभवांच्या मानाने फारच कमी. बाहेर जाऊन सगळ्यांना एकच जग दिसत असेल, तर एकीकडे कारकुनाची चूक आणि दुसरीकडे छताजवळचे तरंगणे असा फरक का पडावा? अनुभव खरा असला तरी त्याचे कपडे घरातूनच येतात, असे मला वाटते.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. मास्तरांचे 'घड्याळ' मला सापडले आहे, आणि ते माझ्याच फोनमध्ये होते.

माझी आई त्या वेळी बेळगावला जाऊ शकली नव्हती, म्हणून आतेभावाने दवाखान्यातून आत्याच्या आवाजाचे दोन संदेश व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. पहिला सहाव्या दिवसाचा आहे. त्यात आत्या दमलेल्या आवाजात सांगते की आपण वरून बघितल्यागत झाले. लुगडे कापल्याचेही आहे, पण ते तक्रारीच्या सुरात: "नवं लुगडं हुतं, फाडून टाकलं." डब्याचा उल्लेख नाही. दुसरा संदेश आठव्या दिवसाचा. त्यात आतेभाऊ विचारतो, "आई, वरनं सगळं दिसलं म्हणतीस, मग कपाटावरचा डबा दिसला काय?" त्यावर थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग आत्या म्हणते, "असंल की. निळा हुता काय?" आणि आतेभाऊ म्हणतो, "निळाच!"

म्हणजे डबा आतेभावाने आधीच पाहिला होता. मी त्याला हे ऐकवले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो मुद्दाम खोटे बोलत नव्हता. आत्याने आधी सांगितले आणि मग आपण जाऊन पाहिले, अशीच आठवण त्याच्या मनात आता पक्की बसली आहे. निळा रंग आत्यानेच सुचवला, हे त्याने मला दोनदा ऐकवले. पण दवाखान्यात निळे डबे कितीतरी असतात, आणि ती त्याआधी सहा-सात दिवस तिथेच होती.

मात्र ताईंच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या संदेशात आहे, आणि तोवर तिला कोणी काही विचारलेले नव्हते. आत्या म्हणते, "एक जण सारखा इन्नोंद सला, इन्नोंद सला म्हणत हुता." तिला त्याचा अर्थ ठाऊक नाही, मीच तिला काल सांगितले की त्याचा अर्थ 'आणखी एकदा'. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर धक्का दोन वेळा दिल्याची नोंद आहे.

रात्रपाळी (बेळगाव)

आपले हे लिहिलेले मी दोनदा वाचले. तरीही सावधपणे सांगते. दुसऱ्या धक्क्याआधी कोणी तसे म्हटले असणे अगदी शक्य आहे. पण 'इन्नोंद सला' आम्ही शीर सापडली नाही तरी म्हणतो, रक्तदाब पुन्हा मोजायचा असला तरी म्हणतो, आणि पहिल्या संदेशाच्या आधी आत्या काही दिवस आमच्यासारख्यांच्याच मध्ये होत्या. तेव्हा तो आवाज हृदय बंद असतानाच्या त्या काही मिनिटांतला होता की नंतरचा, हे अजून ठरत नाही.

एक गोष्ट करून पाहता येईल. तो आवाज बाईचा होता की पुरुषाचा, जवळून येत होता की पायथ्याकडून, हे आत्यांना काहीही न सुचवता विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. 'एक जण' म्हणाल्या आहेत, तेही पुरुषासाठीच म्हणाल्या का ते विचारा. लिहून झाल्यावरच, पुढच्या तपासणीला याल तेव्हा त्या दिवशीच्या पाळीत धक्क्याचे यंत्र कोणाच्या हातात होते, हे डॉक्टरांना विचारा. आधी विचारू नका, आणि आतेभावाला सोबत नेऊ नका.