काश्मीरमधल्या ओढ्यातली ही अळी ड्यूटेरोफ्लेबिया या माशीचीच का? जाणकारांची मदत हवी

मंडळी, पाण्यातल्या कीटकांवर काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर पाहा.

पहलगामच्या वर लिद्दर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात, फेसाळत्या पाण्यातल्या गुळगुळीत धोंड्यांवर काही अळ्या दिसल्या. लांबी जेमतेम चार मिलिमीटर, रंग मातकट. धोंडा पाण्याबाहेर काढला तरी पकड सोडत नाहीत. भिंगातून पाहिलं तर पोटाच्या दोन्ही बाजूंना आखूड, जाड पायांसारखे अवयव, एकूण सात जोड्या, आणि त्यांच्या टोकांना बारीक आकड्यांच्या रांगा. शृंगिकांना (डोक्यावरच्या मिशांना) फाटे फुटलेले. पुढे जाताना आधी अंगाचा पुढचा भाग सोडवून बाजूला टाकतात, मग मागचा ओढून घेतात. ही चाल बघत मी कितीतरी वेळ तिथेच बसून होतो.

त्याच धोंड्यांवर ब्लेफारिसेरिडी या माश्यांच्या दुसऱ्या कुळातल्या अळ्याही होत्या, पण त्यांच्या पोटाखाली एका ओळीत सहा चोषक असतात, त्यामुळे त्या लगेच वेगळ्या काढता आल्या. वर वर्णन केलेल्या सात जोड्यांच्या अळ्या ड्यूटेरोफ्लेबिइडी कुळातल्या असाव्यात असं माझं मत आहे. या कुळात प्रजाती (जीनस) एकच, ड्यूटेरोफ्लेबिया, आणि तिच्यातली ड्यूटेरोफ्लेबिया मिराबिलिस ही जाती (स्पीशीज) कीटकतज्ज्ञ एडवर्ड्स यांनी १९२२ साली काश्मीरमधूनच वर्णन केली होती. म्हणून तर उत्सुकता जास्त आहे.

अडचण जातीपर्यंत पोहोचण्याची आहे. नुसत्या अळीवरून जात ठरवता येते का? प्रौढ माशी मिळवणं अवघड, कारण तिला तोंडाचे अवयवच नसतात आणि आयुष्य असतं काही तासांचं. नराच्या शृंगिका शरीराच्या कित्येक पट लांब असतात, त्यामुळे एक जरी नर हाती लागला तरी कुळाबद्दलची शंका फिटेल. त्यासाठी प्रवाहात बारीक जाळी लावावी, की भल्या सकाळी पाण्यालगत हातजाळं घेऊन थांबावं? धोंड्यांना चिकटलेले काळे, चपटे कोषही आहेत. ते दोन्हींपैकी कोणत्या कुळाचे हे कशावरून ओळखायचं?

ओढ्याच्या वरच्या अंगाला रस्त्याचं काम सुरू झालंय आणि पाण्यात माती येऊ लागली आहे. या अळ्या धोंड्यावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यावर गाळ बसला तर त्यांना खायला काय उरणार? त्यामुळे नोंद लवकर पक्की व्हावी असं फार वाटतं. अळ्यांचे वरून आणि पोटाकडून काढलेले फोटो तयार आहेत. आणखी कोणत्या कोनातून हवेत ते सांगा, पुढच्या फेरीत काढतो.