मदत हवी आहे: लंडनच्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये माळकरी आईच्या ताटात चिकनचा रस आला, तक्रार कुठे आणि कशी करू?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा, आणि जे इंग्लंडमध्ये राहतात किंवा ज्यांना असा अनुभव आलाय त्यांनी नक्की सांगा.

मे महिन्यात आईबाबांना घेऊन धाकट्या भावाकडे लंडनजवळ रेडिंगला गेले होते. दोघांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मी पुण्यातूनच दोन महिने आधी मेफेअरमधलं एक नावाजलेलं रेस्टॉरंट बुक केलं होतं. बुकिंगलाच कार्ड नंबर घेतात आणि आयत्या वेळी कॅन्सल केलं तर माणशी ५० पौंड कापतात असलं ते प्रकरण. आई माळकरी आहे, कांदालसूण चालतो पण अंडंसुद्धा नाही, म्हणून मी ईमेलवर स्पष्ट लिहिलं होतं की चौघांनाही व्हेज टेस्टिंग मेनू (एकामागून एक येणारे छोटे छोटे ठरलेले कोर्स) हवा, मांस मासे अंडं काही नको. त्यांचं उत्तर आलं की नोंद घेतली आहे, किचनला कळवलंय. ते ईमेल माझ्याकडे आहेत.

साडेसातचं बुकिंग होतं, आम्ही सव्वासातला पोचलो, आणि आठ वाजायला आले तरी दारातच उभे. बाबांचे गुडघे दुखतात, खुर्ची मागितली तर एक मिनिट म्हणून ती मुलगी गेली ती परत आलीच नाही. मग टेबल मिळालं ते किचनच्या दाराशेजारी, दार उघडलं की बाबांच्या खुर्चीला लागायचं. पाणी कुठलं हवं विचारलं, भाऊ साधं म्हणाला तर ७ पौंडाची बाटली फोडून ठेवली. हे सगळं मी सोडून दिलं असतं, खरंच, एवढ्यासाठी धागा काढला नसता.

तिसऱ्या कोर्सला मशरूमचं काहीतरी आलं, वर चकचकीत तपकिरी सॉस. ऑर्डर घेणारा वेगळा, आणून ठेवणारी वेगळी, तिने भरभर काहीतरी सांगितलं ते आम्हाला कुणालाच धड कळलं नाही. आईने विचारलं की यात काय आहे गं, मी म्हटलं मशरूम आहेत, खा. हे मीच सांगितलं तिला. तिचं अर्धं खाऊन झालं होतं तेव्हा पाणी भरायला एक तरुण मुलगा आला, भावाने सहज विचारलं की हा सॉस कशाचा, तो म्हणाला विचारून येतो, आत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहराच उतरला होता. भाजलेल्या चिकनच्या रसाचा सॉस होता तो.

आईने चमचा खाली ठेवला. काही बोलली नाही, फक्त बेसिन कुठे आहे विचारलं आणि बराच वेळ चुळा भरत होती. मी मागे गेले तर गळ्यातली माळ हातात धरून उभी. १८ वर्षं झाली माळ घालून, चार वेळा आळंदी ते पंढरपूर चालली आहे, आणि हे माझ्यामुळे झालं.

मॅनेजर वीस मिनिटांनी आला. काही गैरसमज झाला असेल तर सॉरी, एवढंच. सॉरी म्हणून एक डेझर्ट पाठवलं आमच्याकडून म्हणून, पन्ना कोटा, भावाने विचारलं तर त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून काढतात ते! बाबा म्हणाले तमाशा नको, चला. आम्ही उरलेले कोर्स न खाता उठलो आणि तरी पूर्ण बिल भरलं. माणशी ९५ पौंडाचे चार मेनू, पाणी, दोन मॉकटेल धरून ४१८ आणि त्यावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज ५२.२५, एकूण ४७०.२५. म्हणजे पन्नास हजारांच्या वर. माझ्या भारतातल्या बँकेच्या क्रेडिट कार्डवर. रात्री साडेअकराला घरी येऊन भावाने वरणभात लावला, बाबा जेवले, आई नाही. दुसऱ्या दिवशीही ती फक्त पाण्यावर होती.

मला पैशांपेक्षा त्यांच्याकडून लेखी हवंय की चूक त्यांची होती, गैरसमज नव्हे. ते मला आईला वाचून दाखवायचंय. तर तो सर्व्हिस चार्ज भरल्यानंतर परत मागता येतो का, तक्रार कुठल्या ऑफिसात करायची, आम्ही टुरिस्ट म्हणून आलो होतो तर आमचं कुणी ऐकेल का, आणि बँकेकडे कार्डचा व्यवहार डिस्प्यूट करावा का? अजून एक. ज्या मुलाने खरं सांगितलं त्याची नोकरी जाऊ नये असं मनापासून वाटतं, त्यामुळे कसं लिहू कळत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी लंडनला १४ वर्षं आहे, हॉटेल लाइनमध्येच काम केलंय म्हणून सांगतो. बिलावर सर्व्हिस चार्जपुढे डिस्क्रेशनरी लिहिलेलं असणार, म्हणजे तो ऐच्छिक. जागेवर काढा म्हटलं की काढतात, भांडावं लागत नाही, आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. पण मी म्हणेन आता तो मागू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा आहे की ते पैसे पूर्णच्या पूर्ण स्टाफला द्यायचे, मालकाला ठेवता येत नाहीत. म्हणजे त्यात त्या मुलाचाही वाटा. त्यापेक्षा जेवणाच्या किमतीत कपात मागा. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ प्रमाणे सेवा योग्य काळजी घेऊन दिली नाही तर किंमत कमी करून मागता येते, टुरिस्ट असलात तरी करार इथे झालाय. आईंच्या मेनूचे ९५ तर मागाच, आणि न खाल्लेल्या कोर्सचेही.

तक्रार आधी रेस्टॉरंटलाच लेखी, जनरल मॅनेजरच्या नावे, जुन्या ईमेलच्याच थ्रेडवर रिप्लाय करून, म्हणजे तुमची सूचना आणि त्यांचं उत्तर खालीच दिसेल. चौदा दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर मेफेअर वेस्टमिन्स्टर कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या महापालिकेत येतं, त्यांच्याकडे फूडच्या तक्रारी घेतात. मागितलं एक आणि वाढलं दुसरं, हे फूड सेफ्टी अॅक्ट १९९० मध्येही बसतं. सिटिझन्स अॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्पलाइनही आहे, भावाला फोन करायला सांगा.

आणि साधं पाणी म्हणू नका इथे, टॅप वॉटर म्हणायचं. दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी मागितलं तर ते फुकट द्यावंच लागतं.

प्रतिसाद २

कार्डबद्दल. इंग्लंडमधल्या क्रेडिट कार्डांना सेक्शन ७५ चं संरक्षण असतं, म्हणजे दुकानदाराने करार मोडला तर कार्ड कंपनीकडेही पैसे मागता येतात, ते भारतातल्या कार्डाला लागू नाही, त्यामुळे कुणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका. तुमच्याकडे चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत कार्डावरचे पैसे परत मागण्याचा मार्ग आहे, पण मुदत असते, साधारण १२० दिवस, म्हणून बँकेला आजच फोन करून तारीख विचारून ठेवा. फार भरवसा मात्र ठेवू नका, पिन तुम्हीच टाकलाय आणि जेवण टेबलावर आलंय, बँक पुरावा मागेल. तुमचे ईमेल हाच खरा पुरावा.

पुढच्या वेळेसाठी सगळ्यांनाच सांगते, नुसतं व्हेजिटेरियन लिहून भागत नाही. कायद्याने १४ अॅलर्जन, म्हणजे अॅलर्जी होऊ शकणारे पदार्थ, सांगावेच लागतात, त्यात अंडं आहे, दूध आहे, मासे आहेत, पण मांस नाही. त्यामुळे अॅलर्जी म्हटलं की धावाधाव होते आणि धर्म म्हटलं की नोंद घेतली. मी तर चिकन स्टॉक, बीफ स्टॉक, फिश सॉस, जिलेटिन, रेनेट असं एकेक नाव लिहून पाठवते. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते तिथे व्हेज पास्त्यावरही घालतात.

प्रतिसाद ३

आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत रेल्वेत असंच झालं होतं, आमच्या फडावरचे महाराज म्हणाले नकळत घडलं त्याचा दोष नाही, एकादशीला विठोबासमोर माळ पुन्हा घाला आणि विसरा. तुमच्या महाराजांना विचारा, पण आईंना उपास करू देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एकेक ओळ दोनदा वाचली. दादा, सर्व्हिस चार्ज नाही मागत, तुमचं पटलं. त्या मुलाबद्दल पत्रात वेगळा परिच्छेद लिहिलाय की त्याने विचारलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. बँकेला फोन केला, माझ्याकडे अजून सात आठवडे आहेत.

आईला तिसरा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली त्यांना विचार, कुठल्या फडाचे महाराज. प्लीज सांगाल का? आमचे महाराज गेल्या वर्षी गेले, आता ती कुणाला विचारणार हेच तिच्या डोक्यात आहे. आणि कुणाला वेळ असेल तर माझं इंग्रजी पत्र एकदा नजरेखालून घालाल का, उद्या रात्री पाठवायचंय.