मनी मंगळवारपासून जेवलेली नाही

गुरुवार, सकाळी ७.१०

मेधा (ए-३०२): मनीला मंगळवारपासून कोणी काही खाताना पाहिलंय का? मंगळवारी रात्री ठेवलेलं तसंच, काल सकाळचं तसंच. आत्ता मांदेली उकडून नेली. जवळ आली, तोंड खाली नेलं आणि मागे सरकली. मीटर रूमच्या मागे बसून आहे. ज्यांनी ज्यांनी तिला काही दिलंय त्यांनी सांगा, प्लीज.

मेधा (ए-३०२): आणि "भूक लागली की खाईल" असं कृपया कोणी लिहू नका.

तेजस (बी-४०४): ताई आज गुरुवार, उपास असेल 😄

मेधा (ए-३०२): तेजस, तिसरा दिवस आहे.

तेजस (बी-४०४): सॉरी ताई. काल रात्री अकराला आलो तेव्हाही तिथेच होती. एरवी माझ्या बाईकचा आवाज आला की धावत येते. काल हाक मारली तरी उठली नाही.

नाना (बी-१०१): सुप्रभात. मनीचा विषय निघालाच आहे तर माझ्या स्कूटरच्या सीटचं काय? ओरखड्यांचे फोटो मी दोनदा टाकले आहेत. अजून उत्तर नाही.

विदुला काकू (ए-१०३): मेधा, उष्णता झाली असेल गं. दूध-साखर दे थोडी. नाहीतर दूधभात कालवून ठेव. आमच्या वाड्यात सगळी मांजरं दूधभातावर वाढली.

अस्मिता (बी-४०२): काकू, दूध नको. मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाही, जुलाब होतात. आधीच पोटात काही नाही, त्यात अंगातलं पाणीही जाईल.

विदुला काकू (ए-१०३): वाड्यातली पंधरा पंधरा वर्षं जगली. असो. तुम्हा मुलींना जास्त कळतं.

गौरी (बी-२०४): तिच्या तोंडातून लाळ गळतेय. आमची पोर बसला जाताना बघून आली. रेबीज वगैरे नाही ना? खरंच विचारतेय. मुलं सारखी हात लावतात तिला.

सेक्रेटरी (ए-५०१): सर्वांनी शांत राहावे. मुलांना मीटर रूमकडे पाठवू नये. उद्या टाकी धुणार आहेत, ११ ते ४ पाणी बंद, याची नोंद घ्यावी.

अस्मिता (बी-४०२): गौरी, मनीला मागच्या मार्चमध्ये रेबीजची लस दिली आहे, कार्ड माझ्याकडे आहे. तरी डॉक्टरांनी बघेपर्यंत मुलांना लांब ठेव. कोणाला ओरखडा किंवा चावा असेल तर लपवू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि पालिकेच्या दवाखान्यात जायचं. हे कुठल्याही मांजरासाठी, लस दिलेली असली तरी.

अस्मिता (बी-४०२): मेधाताई, तीन गोष्टी सांगा. ती अन्नाजवळ येऊन मागे फिरते की येतच नाही? नाक वाहतंय का? शू केली का? बोका असता तर मी शूचं सगळ्यात आधी विचारलं असतं. बोक्यांचा मार्ग तुंबतो, तेही जेवण सोडतात, आणि तिथे एक दिवस थांबणंसुद्धा जिवावर बेततं.

मेधा (ए-३०२): येते आणि मागे फिरते. दोनदा पंजाने तोंड पुसल्यासारखं केलं. वॉचमन मामा म्हणाले सोमवारपासून शिंकतेय, काल संध्याकाळी वाळूत जाऊन आली. सोमवारपासून शिंकतेय आणि मला आज कळतंय. पाच घरं खायला घालतात तिला, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याकडे जेवली असेल.

नाना (बी-१०१): पाच घरं खायला घालतात, सीटचा खर्च मात्र एकाच घराला.

अस्मिता (बी-४०२): म्हणजे तिला खायचंय, खाता येत नाहीये. तोंडात फोड असतील. आणि नाक बंद असलं की मांजर जेवत नाही, ते वासावर जेवतं. ताटात काय आहे हे नाकाने कळलं नाही तर तोंड लावत नाही.

विदुला काकू (ए-१०३): मी आत्ता खाली जाऊन आले. अंग चांगलंच तापलंय. डॉक्टर अकराशिवाय भेटायचे नाहीत. घरात तापाची गोळी आहे, पाव गोळी पाण्यात

विदुला काकू (ए-१०३): विरघळवून देऊ का? जरा उतार पडेल.

मेधा (ए-३०२): काकू नको. नको. हात जोडते.

अस्मिता (बी-४०२): काकू, पॅरासिटामॉल अजिबात नको, पाव नाही, तुकडासुद्धा नाही. कुठलीच आपली गोळी नको.

मेधा (ए-३०२): हा मेसेज डिलीट केला आहे.

विदुला काकू (ए-१०३): डिलीट कशाला केलंस? मी वाचलं. "बोक्याच्या वेळेसारखं नको." म्हणजे काय? बोल की स्पष्ट.

तेजस (बी-४०४): काकू, ताई, आधी मनीचं बघूया का

विदुला काकू (ए-१०३): नाही, बोलू दे तिला. मागच्या पावसाळ्यात बोका तापाने फणफणला होता. कोणी बघत नव्हतं. मी गोळी दिली. रात्रभर जिन्यात त्याच्याजवळ बसले होते, माझे गुडघे कसे आहेत सगळ्यांना माहीत आहे. तो गेला. त्यात माझं काय चुकलं ते सांग.

मेधा (ए-३०२): काकू, सकाळी त्याचं तोंड सुजलं होतं. हिरड्या चॉकलेटी झाल्या होत्या. धाप लागली होती. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, पॅरासिटामॉल दिलं का.

विदुला काकू (ए-१०३) यांनी ग्रुप सोडला.

नाना (बी-१०१): छान.

सेक्रेटरी (ए-५०१): हे ग्रुपवर नको होतं मेधाताई.

मेधा (ए-३०२): मान्य. पण ती गोळी आत्ता दिली गेली असती तर? मी वर्षभर गप्प बसले म्हणून तर आज पुन्हा तेच होणार होतं.

अस्मिता (बी-४०२): हे सगळ्यांसाठी, काकूंवर नाही. आपलं यकृत ती गोळी ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकतं, ती सोय मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. मग औषधाचंच विष होतं, रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी पडतात त्या म्हणूनच. माझ्या आईनेही दिली असती, हे कोणाला ठाऊक असतं?

सकाळी ९.४०

तेजस (बी-४०४): माझी आज सुट्टी आहे. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला घेऊन जाऊ का?

नाना (बी-१०१): बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल असं पूर्ण नाव आहे. १८८३ पासून आहे. माझे वडील परळला गिरणीत होते, टांग्याचे घोडे तिथे आणलेले मी पाहिले आहेत. लहानपणी आम्ही बाहेरून बघत उभे राहायचो.

तेजस (बी-४०४): नाना 🙏 मस्त माहिती

नाना (बी-१०१): सीटचं राहिलं.

अस्मिता (बी-४०२): मुलुंडहून परळ, या ट्रॅफिकमध्ये? आधी इथल्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले तर परळ. माझी पिंजऱ्याची पिशवी घे, पण आत जुना टॉवेल घाल आणि परत आल्यावर माझ्या घरात आणू नको, खालीच ठेव. माझ्या मांजराला सर्दी लागायला नको.

मेधा (ए-३०२): मी येते सोबत. आज ऑफिसला सांगितलंय.

दुपारी १.२५

मेधा (ए-३०२): आलो. ताप १०४. मांजराचं नॉर्मलच १०२च्या आसपास असतं, तरी हा जास्त. जिभेवर दोन फोड आणि टाळ्याला एक. सर्दीचा विषाणू, डॉक्टर म्हणाले लक्षणं कॅलिसीव्हायरसची दिसतात. माणसांना होत नाही, कुत्र्यांनाही नाही. गौरी, मुलांचं टेन्शन नको. मानेच्या कातडीखाली सलाईन दिलं, दुखण्याचं आणि मळमळीचं इंजेक्शन दिलं.

मेधा (ए-३०२): त्यांना काळजी फोडांची नव्हती. फोड बरे होतात म्हणाले. काळजी न जेवण्याची. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगावरची चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साचते, यकृत काम सोडतं. जाड मांजराला धोका जास्त. आणि आपली मनी पाच घरची जेवणारी. कानाची आतली कातडी आणि हिरड्या रोज उजेडात बघायच्या, पिवळी झाक दिसली की लगेच न्यायचं. आज पिवळी नाही. आणखी दोन दिवस आपण वाट बघत बसलो असतो तर नाकातून किंवा मानेतून नळी घालून भरवावं लागलं असतं.

तेजस (बी-४०४): बिल १,८५० झालंय. ताईंनी भरलंय. मनीसाठी मनी पाठवा मंडळी

गौरी (बी-२०४): ५०० पाठवले.

सेक्रेटरी (ए-५०१): वैयक्तिक वर्गणीस हरकत नाही. सोसायटीच्या खात्यातून होणार नाही, हे स्पष्ट असावे.

मेधा (ए-३०२): खात्यातून मागितलेच नाहीत साहेब. जागा मागतेय. माझ्याकडे सासूबाईंना दमा आहे. अस्मिताकडे मांजर आहे. मनीला चार-पाच दिवस बंद, कोरडी, शांत जागा हवी.

नाना (बी-१०१): पार्किंग सोडून कुठेही.

सेक्रेटरी (ए-५०१): रद्दीची खोली रविवारपर्यंत देता येईल. लेखी अर्ज द्यावा. फरशी खराब झाल्यास जबाबदारी अर्जदाराची.

मेधा (ए-३०२): अर्ज लिहून तुमच्या दाराखाली सरकवला आहे.

अस्मिता (बी-४०२): एक विनंती. त्या खोलीत आणि जिन्यात हे चार दिवस फिनाईलने पुसू नका. मांजर पंजे चाटतं, फिनाईल त्याच्या पोटात जातं, ते त्यांना विषारी आहे. खोली पुसायची तर एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, थोडा वेळ ठेवून साध्या पाण्याने पुसून कोरडी झाली की मगच मनीला आत सोडायचं. सॅनिटायझरने हा विषाणू नीट जात नाही.

सेक्रेटरी (ए-५०१): उद्या पाणी बंद आहे, ११ ते ४. पुन्हा सांगत आहे.

रात्री ८.१५

मेधा (ए-३०२): भरवायची पद्धत लिहून ठेवते, पाळ्या लावायच्या आहेत. टॉवेलमध्ये तान्ह्या बाळासारखी गुंडाळायची, पुढचे पाय आत. आधी कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून नाक पुसायचं. ओल्या खाद्याचं पाकीट कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढलंय, ते भांडं गरम पाण्यात ठेवून अंगाइतकं कोमट करायचं. वास सुटला पाहिजे. आधी बशी समोर ठेवून पाच मिनिटं थांबायचं, स्वतःहून चाटते का बघायचं.

मेधा (ए-३०२): नाहीच चाटलं तर सिरिंज. समोरून नाही. तोंडाच्या कोपऱ्यातून, गालाच्या बाजूने, अर्धा-एक मिली, गिळलं की पुढचं. मान वर करायची नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. ओकारीसारखं केलं, ओठ चाटायला लागली की थांबायचं, जबरदस्ती नाही. मांजराला एकदा त्या अन्नाची शिसारी बसली की बरं झाल्यावरही ते तोंडात घेत नाही.

तेजस (बी-४०४): रात्री १२ मी. चिकन उकडून आणू का? आई करतेय.

अस्मिता (बी-४०२): आण, पण मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात. तुझ्या आईला सांग फोडणी नको, नुसतं पाणी.

गौरी (बी-२०४): सकाळी ८ माझी. दुपारी १२ पण चालेल.

मेधा (ए-३०२): ४ आणि रात्री ८ मी. पहाटे ४ राहतेय. तेही मीच बघते.

सेक्रेटरी (ए-५०१) यांनी विदुला काकू (ए-१०३) यांना ग्रुपमध्ये घेतले.

विदुला काकू (ए-१०३): सेक्रेटरींनी घरी येऊन सगळं सांगितलं. मला एकच लिहायचं आहे. डॉक्टर काय म्हणाले हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. वर्षभर मेधा जिन्यात भेटली की मान खाली घालून जायची. मला वाटत होतं आमच्या ह्यांनी पार्किंगवरून बोललं त्याचा राग आहे. मी तो बोका रोज आठवते.

मेधा (ए-३०२): काकू, मी तेव्हाच यायला हवं होतं तुमच्याकडे. तुम्ही त्याच्यासाठी जागलात हे मला माहीत होतं, म्हणूनच तोंड उघडेना. आणि नंतर उशीर होत गेला.

विदुला काकू (ए-१०३): पहाटे चारची पाळी मला दे. मी तशीही जागीच असते. सिरिंज कशी धरायची ते एकदा दाखव.

मेधा (ए-३०२): आत्ता येते.

नाना (बी-१०१): माझ्या सीटचं

तेजस (बी-४०४): नाना, रविवारी मी कव्हर आणून बसवतो. माझ्याकडून.

नाना (बी-१०१): कव्हर नको. रेक्झिन बदलावं लागेल. आणि तत्त्वाचा प्रश्न आहे.

शुक्रवार

तेजस (बी-४०४): रात्री १२: सिरिंजने ८ मिली. माझ्या शर्टवर ४ मिली.

विदुला काकू (ए-१०३): पहाटे ४: ६ मिली. नाक साफ केलं. घरघर कमी आहे.

गौरी (बी-२०४): सकाळी ८: १० मिली. कानाची आतली कातडी गुलाबी आहे, फोटो टाकलाय.

सेक्रेटरी (ए-५०१): पाणी बंद. ११ ते ४.

नाना (बी-१०१): रद्दीच्या खोलीत माझी जुनी फाईल आहे ती भिजू नये. (मी स्वतः जाऊन बघून आलो. मांजर झोपलं होतं. फाईल ठीक आहे.)

मेधा (ए-३०२): ताप १०२.६. दुसरं सलाईन दिलं. बशीजवळ गेली, चाटली नाही, पण मागेही सरकली नाही.

शनिवार

तेजस (बी-४०४): रात्री १२: ताटलीजवळ बसून वास घेत होती बराच वेळ. १२ मिली. आज ओरडली माझ्यावर. आवाज बसलाय पण ओरडली.

गौरी (बी-२०४): आमची पोर विचारतेय मनीला भेटू का. खिडकीतून दाखवलं.

अस्मिता (बी-४०२): सोसायटीतल्या इतर मांजरांच्या लसीचं आता मनावर घेऊया. मनीला रेबीजची होती, सर्दीची नव्हती. ते माझं राहून गेलं.

रविवार, पहाटे ४.२०

विदुला काकू (ए-१०३): मेधा झोपली असशील. चिकन कोमट करून बशीत ठेवलं आणि बाजूला नुसती बसले. तिने स्वतः चाटलं. मग खाल्लं. अर्धी बशी. सिरिंज काढलीच नाही.

मेधा (ए-३०२): जागी आहे. खाली येतेय, चहा घेऊन.

विदुला काकू (ए-१०३): साखर कमी घाल.