‘इंटरस्टेलर’साठी उतावीळ झालेली मुले आणि कंटाळलेले ज्येष्ठ: दोघांना एकत्र बसवून तो दाखवावा का?

रावपुरेकर (प्रश्न)

आमच्या बडोद्यातील काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा एका सदस्याच्या दिवाणखान्यात प्रोजेक्टर लावून चित्रपट पाहतात आणि नंतर चहाबरोबर त्यावर बोलतात. गटातले निम्मे लोक निवृत्त आहेत. उरलेल्यांत बहुतेक महाराज सयाजीराव विद्यापीठात शिकणारी किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुले आहेत. या वेळी मुलांनी एकमुखाने ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘इंटरस्टेलर’ हा अवकाशपट सुचवला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भारतातील आयमॅक्सच्या महाकाय पडद्यांवर पुन्हा लागला, तेव्हा यांपैकी काही जण रात्रीच्या गाडीने खास त्यासाठी मुंबईला गेले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात दुसरा चित्रपट क्वचितच येतो. उलट ज्या ज्येष्ठांनी तो २०१४ मध्ये पाहिला होता, त्यांना त्यातले अर्धे संवाद ऐकू आले नाहीत आणि उरलेले समजले नाहीत, असे ते स्वतःच सांगतात.

चित्रपट १६९ मिनिटांचा आहे. मुलांनी त्याची एवढी हवा केली आहे की ज्यांनी तो पाहिलेला नाही असे ज्येष्ठसुद्धा आता काहीशा धास्तीनेच येतील. माझे विचारणे असे की हे प्रेम खरोखर चित्रपटाच्या गुणांवरचे आहे की दहा वर्षे चाललेल्या चर्चेने ते वाढवले आहे? आणि दाखवायचाच असेल तर सुरुवातीला कोणी कृष्णविवर, सापेक्षता वगैरे समजावून सांगावे का? शेवट कृपया कोणी उघड करू नये.

मांजलपूरचे मास्तर

मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे माझ्याकडून ‘व्याख्यान ठेवा’ हाच सल्ला येईल असे आपल्याला वाटले असेल. ठेवू नका. चित्रपटाआधी वीस मिनिटे विज्ञान ऐकलेला प्रेक्षक पुढचे पावणेतीन तास परीक्षेला बसल्यासारखा बसतो आणि प्रत्येक प्रसंगात आपल्याला काय कळले नाही तेच शोधत राहतो.

तरीही या चित्रपटातील विज्ञानाबद्दल आदर बाळगावा असे पुष्कळ आहे. सल्लागार होते किप थॉर्न, ज्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल राय वाइस आणि बॅरी बॅरिश यांच्यासह नोबेल मिळाले. (त्याच लहरी टिपणारी भारतातील प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यात उभी राहायची आहे, हे आपल्या ज्येष्ठांना सांगायला हरकत नाही, त्यांना ते आवडेल.) थॉर्न यांची अट अशी होती की सिद्ध झालेल्या नियमांना चित्रपटाने धक्का लावू नये आणि कल्पनेची भरारी खऱ्या विज्ञानातून निघावी. पडद्यावरचे कृष्णविवर कोणा चित्रकाराने मनाने रंगवलेले नाही. प्रकाशाचे किरण गुरुत्वाकर्षणाने कसे वाकतील याची थॉर्न यांनी दिलेली समीकरणे संगणकावर सोडवून ते तयार झाले, आणि त्यातल्या काही चौकटी (फ्रेम) पूर्ण व्हायला शंभर तासांपर्यंत वेळ लागत होता. त्या कामावर २०१५ मध्ये रीतसर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराचे पहिले छायाचित्र आले, त्यात एक बाजू स्पष्टपणे अधिक उजळ आहे, कारण कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूपैकी आपल्याकडे येणाऱ्या भागाचा प्रकाश तीव्र दिसतो. चित्रपटाने हा फरक जाणूनबुजून वगळला, कारण असे एकाच बाजूला उजळ वर्तुळ पाहून प्रेक्षक गोंधळतील अशी नोलन यांना भीती होती. म्हणजे प्रेक्षकाची धास्ती दिग्दर्शकालाही होतीच.

सगळे निर्दोष आहे असेही नाही. एका ग्रहावर बर्फाचे ढग दाखवले आहेत. बर्फाला स्वतःचा एवढा भार पेलवणार नाही, असे थॉर्न यांनीच नंतर सांगितले आहे. ज्येष्ठांना मात्र एकच गोष्ट माहीत असली की पुरे: गुरुत्वाकर्षण जिथे प्रबळ, तिथे वेळ सावकाश सरतो. उंचावर ते क्षीण, म्हणून मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते. चित्रपटाने हाच परिणाम अतोनात ताणला आहे. आणि आपल्या पिढीला हे अगदीच नवे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत विज्ञानकथा पाठवली होती, आणि त्यांच्या कथा वाचत वाढलेल्या माणसांना पडद्यावरचे कृष्णविवर पाहून घाबरण्याचे काही कारण नाही.

अलकापुरीचा संशयी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे ‘हो’ आहे. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर हा चित्रपट डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत पुन्हा आला, पण आपल्याकडे त्याच वेळी ‘पुष्पा २’ लागलेला असल्याने आयमॅक्स पडदे मोकळे नव्हते. समाजमाध्यमांवर केवढी आदळआपट झाली ते आठवत असेल. कित्येकांनी तो घरी अनेकदा पाहिलेला होता, तरी आपल्याला तो नाकारला गेला या भावनेनेच मागणी चढली, आणि दोन महिन्यांनी तो आला तेव्हा लोक जणू हक्क बजावायला गेले. जे मिळत नाही त्याची गोडी वाढते, हे निर्माते आणि वितरक आपल्यापेक्षा चांगले ओळखतात.

दुसरे असे की अवकाशपट म्हटला की आपल्याकडे कथेआधी खर्चाची चर्चा होते. २०१४ च्या जूनमध्ये श्रीहरिकोट्याला पंतप्रधानांनी मंगळयानाचा खर्च हॉलिवुडच्या ‘ग्रॅव्हिटी’पेक्षा कमी असल्याचे सांगितले, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या चित्रपटाला आपण मंगळयानाच्या ४५० कोटींच्या मापाने मोजतो. ‘इंटरस्टेलर’चा खर्च १६.५ कोटी डॉलरच्या आसपास होता. हे आकडे ऐकून आलेला माणूस प्रत्येक दृश्यात पैसा शोधतो, आणि या चित्रपटाचा पहिला पाऊण तास तर एका शेतातच जातो. निराशा तिथेच सुरू होते. पैसा त्या शेतातही घातलेला आहे, हे त्याला कोण सांगणार? कॅनडात कॅलगरीजवळ ५०० एकर मका खरोखर पेरला होता, आणि चित्रीकरणानंतर उरलेला विकून त्यावर नफाही झाला.

म्हणून माझे मत असे की मुलांना बजावून ठेवावे: चित्रपट सुरू होण्याआधी स्तुती नको आणि सुरू झाल्यावर ‘आता बघा हं’ तर मुळीच नको.

फतेहगंज वसतिगृह

वरील काकांचा मान राखून सांगतो की मुंबईला जाणाऱ्यांत मीही होतो आणि मला कोणी फसवून नेले नव्हते. मी हा चित्रपट पहिल्यांदा शाळेत असताना लॅपटॉपवर पाहिला. माझ्या वयाच्या बहुतेकांची गोष्ट हीच आहे: २०१४ मध्ये आम्हाला कोणी चित्रपटगृहात नेले नाही, आणि ज्याने आम्हाला आकाशाकडे पाहायला लावले तो चित्रपट आम्हाला हातभर पडद्यावर भेटला. मोठ्या पडद्याची ओढ त्यातून आलेली आहे. तिच्यामागे जाहिरात असती तर ती नव्या चित्रपटासाठी असती. हा तर सर्वांचा पाहून झालेला होता.

संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती बडोद्यापुरती नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतही ती झाली, आणि काही ठिकाणी संवाद संगीताखाली दबले आहेत ते हेतुपुरस्सर, असे नोलन यांनी तेव्हा स्पष्ट केले होते. तेव्हा उपशीर्षके लावाच. आवाज मात्र कमी करू नका. हान्स झिमर यांनी लंडनच्या टेंपल चर्चमधला ऑर्गन वाजवून घेतला आहे आणि त्याचा खर्ज छातीत जाणवायला हवा. पाण्याच्या ग्रहावरच्या प्रसंगात संगीतात जी टिकटिक आहे, तिचा प्रत्येक ठोका सव्वा सेकंदाने पडतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर एक दिवस सरतो. हे एवढे एक तरी ज्येष्ठांना आधी सांगू द्या!

मांजलपूरचे मास्तर

सांगा, पण हिशेब करून सांगा. त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, असे चित्रपटातच सांगितले आहे. सात वर्षांचे तास होतात सुमारे ६१,३६२. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना या संख्येने भागले की १.४ सेकंद येतात. सव्वा सेकंदच धरायचा असेल तर एका तासाची जवळजवळ आठ वर्षे होतील. चाहत्यांनी हा आकडा जगभर फिरवला आणि भागाकार करून पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. अर्थात कल्पना सुंदर आहे, आणि हा भागाकार चहाच्या वेळी मुलांकडूनच करून घेतला तर त्या सायंकाळी कोणालाही व्याख्यान द्यावे लागणार नाही.

दांडिया बाजार

आपण सर्व जण ज्येष्ठांना काय समजणार नाही याचीच काळजी करीत आहात. मी हा चित्रपट माझ्या सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणींबरोबर घरी पाहिला आहे, म्हणून थोडे वेगळे सांगते.

त्या ग्रहावरून यानात परतलेल्या बापाला कळते की खाली तेवीस वर्षे सरली आहेत. तो पडद्यासमोर बसतो आणि मुलांनी त्या काळात पाठवलेले निरोप एकामागून एक पाहतो. मुलगा मोठा होतो, त्याचे लग्न होते, आणि बापाला उत्तर पाठवता येत नाही. आता आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांचा विचार करा. किती घरांत मुलगा न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला आहे आणि नातवंडांची उंची आजी-आजोबा मोबाइलच्या पडद्यावरच मोजतात! आमच्याकडे त्या प्रसंगात कोणीही सापेक्षतेचे स्पष्टीकरण मागितले नाही. त्याआधी ‘हे यान कुठे चालले आहे’, ‘हा कोण’ असे प्रश्न सारखे येत होते. तिथे ते थांबले. सासूबाईंनी नंतर विचारले ते एवढेच की त्याने जायलाच का हवे होते. यावर जेवणापर्यंत वाद चालला आणि एका बाईंनी आपल्याच मुलाची बाजू अशा आवेशाने मांडली की आम्हाला त्यांना आवरावे लागले.

मुलांना मात्र या प्रसंगाबद्दल विचारले तर ती संगीत आणि अभिनय यांबद्दल बोलतात. त्यांचे चुकत नाही; ती अजून जाणाऱ्यांच्या बाजूची आहेत. आपल्या गटात दोन्ही बाजू एका खोलीत बसणार आहेत, आणि माझ्या मते हा चित्रपट एकत्र दाखवण्याचे यापेक्षा मोठे कारण शोधण्याची गरज नाही. ज्येष्ठांना निमंत्रण देताना ‘अवकाशावरचा महान चित्रपट’ असे म्हणू नका. ‘दूर गेलेल्या बापाची आणि मुलीची गोष्ट’ असे सांगा. मग त्यांची अपेक्षा योग्य जागी बसेल आणि कृष्णविवर त्यांना जास्तीचे मिळेल.

अलकापुरीच्या भाऊंचे एक मात्र मला पटते. मुलांना शेजारी बसून समजावू देऊ नका.

रावपुरेकर

सर्वांचे आभार. निमंत्रण दांडिया बाजारच्या ताईंच्या शब्दांत जाईल, उपशीर्षके राहतील आणि भागाकार मास्तरांनी चहाच्या वेळी घ्यावा अशी त्यांना विनंती. एकच शंका उरते. आमच्या ज्येष्ठांना मध्यंतराशिवाय एवढा वेळ बसवत नाही. ते कुठे ठेवावे?

दांडिया बाजार

निरोपांचा प्रसंग पूर्ण संपल्यावर. तो साधारण मध्यावरच येतो. पाण्याच्या ग्रहावर उतरण्याआधी थांबलात तर चहानंतर लोकांना पुन्हा गोष्टीत शिरायला वेळ लागेल, आणि मधेच थांबलात तर फतेहगंजची मुले आपल्याशी बोलणार नाहीत. मध्यंतर पंधरा मिनिटांचेच ठेवा, नाहीतर जायला हवे होते की नको हा वाद तिथेच सुरू होईल आणि उरलेला चित्रपट राहून जाईल.