प्रतिसाद: मॉरिशसची साखर का गडगडली?

वर कुणीतरी विचारलंय की मॉरिशसची साखर खराब हवामानामुळे बुडाली का. वादळं तिथे नेहमीचीच. त्यांच्यापुढे तग धरतो म्हणून तर ऊस टिकला. खरी मेख भावात होती. 1975 च्या लोमे करारातून (युरोप आणि आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिकमधल्या देशांचा व्यापार करार) युरोपनं मॉरिशसला वर्षाला सुमारे 5 लाख टन साखरेचा कोटा दिला, तोही बहुतेक वर्षी जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिप्पट दरानं. 2006 पासून युरोपनं हा दर टप्प्याटप्प्यानं 36 टक्के कापला आणि गणित फिरलं. त्याच सुमारास, 2005 च्या सुरुवातीला, कापड निर्यातीची जागतिक कोटा पद्धतही संपली होती. म्हणजे साखर आणि कापड, मॉरिशसच्या निर्यातीचे दोन्ही खांब एकदम हलले.

मग साखर कारखान्यांनी काय केलं? लहान कारखाने बंद करून गाळप मोजक्या ठिकाणी आणलं आणि डेमेरारासारख्या (जाड दाण्याची सोनेरी साखर) खास साखरांकडे वळले. बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा; वजनानं उसाच्या सुमारे 30 टक्के, त्यात निम्मं पाणी) जाळून वीज विकतात. मात्र गळीत साधारण जून ते डिसेंबर. उरलेले महिने त्याच बॉयलरमध्ये कोळसा. 'हरित वीज' म्हणताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

जाता जाता: करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.