पाजवणे, निसणे, शेवटणे आणि पट्ट्यावर मारणे

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

लातूर : ‘चाकू चामड्याच्या पट्ट्यावर पाजवला’ हे बरोबर आहे का? की पाजवणं फक्त दगडावरचं?

उदगीर : पाजवणं म्हणजे घासून धार आणणं. ते दगडाचं काम. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासलं की निसणं. पट्ट्यावर लोखंड फारसं झिजत नाही, म्हणून तिथं ‘पट्ट्यावर मारणे’ किंवा ‘फिरवणे’ म्हणावं. ‘परजणे’ हातात तलवार असेल तर. भाजीच्या चाकूला फार होतं. ‘पाजळणे’चंही तेच, शिवाय दिवेही पाजळतात.

बीड : यात शेवटणं मिसळू नका. कुऱ्हाड किंवा फाळ झिजून जाड झाला की लोहार भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून पातं पातळ करतो, मग पाणी देतो, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतो. ते शेवटणं. ऊसतोडीचा कोयता फडात कानशीनंच घासतात. त्याला पट्टा दाखवून उपयोग नाही, पट्ट्यावरची बारीक धार दोन मोळ्यांतच जाईल.

परभणी : मग पट्टा नेमकं करतो काय? दगडावर घासताना धारेची अगदी पातळ कड पलीकडं उलटते. वर्कशॉपमध्ये तिला ‘बर’ म्हणतात. पात्याच्या बाजूनं धारेकडं अंगठा हळूच सरकवला की ती खरखरते. पट्टा ती काढून टाकतो. दगडावर बर दोन्हीकडं आलीच नसेल, तर पट्ट्यावर शंभरदा फिरवा, चाकू बोथटच राहणार. बहुतेकांचं इथंच चुकतं आणि दोष पट्ट्याला जातो.

चामडं बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत कमावलेलं, घट्ट, 3 ते 4 मिलिमीटर जाडीचं घ्या. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं मऊ असतं, दाबलं की दबतं. जुना कंबरपट्टा चालतो, पण आत पुठ्ठा आणि वर रेक्झिन नाही ना, हे कापून बघा. 5 सेंटीमीटर रुंद, 25 ते 30 लांब तुकडा सपाट फळीला चिकटवा, खरखरीत बाजू वर. त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी (पॉलिशची) पातळ घासा. थर जाड झाला तर गोळे होतात, आणि पातं त्यावरून उड्या मारतं.

चाकूची पाठ पुढं, धार मागं. उलटं केलंत तर चामडं कापलं जाईल. कोन दगडावरचाच, साधारण 15 ते 20 अंश. दोन्ही बाजूंना आळीपाळीनं दहा-पंधरा वेळा, दाब चाकूच्या वजनाइतकाच. जोर दिला की चामडं दबून धारेभोवती वर येतं आणि धार गोल होते. फेरा संपताना मनगट उचललं तरी तेच. आधी पातं फडक्यानं पुसा. दगडाचा एक कण पट्ट्यात रुतला की पुढच्या प्रत्येक फेऱ्यात ओरखडा.

लातूर : न्हाव्याचा टांगलेला पट्टा?

उदगीर : तो ताणून धरायचा, सैल सोडला की धार गोल होते. वस्तरा मात्र कोन न देता सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. वळवताना पाठीवरच फिरवायचा, धारेवरून कधीच नाही.

नांदेड : इळीचं (विळीचं) पातं वाकडं असतं. तिथं सपाट फळी निकामी. गोल काठीला चामडं गुंडाळून पात्याच्या आतल्या वळणातून बुडापासून शेंड्याकडं ओढा. इळी पायाखाली दाबलेली, हात पात्याच्या मागं, आणि घाई नको.

लातूर : म्हणजे ‘इळी निसली, मग पट्ट्यावर मारली’.

उदगीर : बरोबर. इळा (विळा) असेल तर पहिल्या दोन शब्दांवरच थांबा.